डावीकडचा शिळा पडदा

"ह्यो शिळो आसा," शेवंती म्हणाली.

दुकानदार रोनाल्डने हातातला रिकामा खोका खाली ठेवला. कुडाळच्या बाजारात तो बारा वर्षं कॉम्प्युटर विकत होता. मॉनिटर मोठा आहे, लहान आहे, असली गाऱ्हाणी त्याने पुष्कळ ऐकली होती. एका गिऱ्हाइकाने तर घराच्या वास्तूला चालत नाही म्हणून परत आणून दिला होता. पण शिळा आहे असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

"काकी, आत्ता तुमच्या समोर खोको फोडलंय मी," तो म्हणाला.

"खोको समोर फोडलंस म्हणान मासो ताजो होता? बर्फाची पेटी पण माझ्यासमोरच फोडतत. आत काय निघता ता माका इचार."

टेबलावर तीन पडदे ओळीने मांडले होते. मधला शेवंतीच्या सुनेचा, दिव्याचा, मालवणहून आणलेला. त्याच्या दोन बाजूंना दोन नवे कोरे, एकाच कंपनीचे, एकाच मापाचे. तिन्हींवर एकच फोटो होता. रोनाल्डची धाकटी बहीण लविना लग्नाचा पांढरा गाउन अंगावर घालून बघत होती. लग्न जानेवारीत, आणि त्याचं शूटिंग नि अल्बम दिव्याकडे. लविनाने बजावून सांगितलं होतं, गाउन दुधासारखा दिसायला हवा, सायीसारखा दिसला तर अल्बम घेणार नाही.

तिचंही चुकत नव्हतं. दिव्याचा जुना बाजूचा पडदा पोटुशा बाईसारखा फुगीर होता, आणि तो एक रंग दाखवी तर मधला दुसराच. गेल्या हंगामात आरोंद्याच्या एका नवरीचा चिंतामणी शालू अल्बमात पोपटी निघाला. नवरीच्या आईने तो अल्बम टेबलावर असा आपटला की शेजारच्या पिठाच्या गिरणीतली माणसं बघायला आली. तेव्हापासून दिव्याने एकच धोशा लावला होता. मधे एक, बाजूला दोन, आणि तिन्ही एकमेकांची सख्खी भावंडं पाहिजेत.

"आई, तुम्ही चला माझ्याबरोबर," ती सासूला म्हणाली होती. "रंगाच्या बाबतीत तुमच्या डोळ्यावर माझा भरवसा आहे. ह्यांच्या नाही." हे म्हणजे शेवंतीचा मुलगा निकेत. तो शूटिंग करायचा, आणि त्याला लाल नि केशरी यातला फरक बायकोने सांगावा लागायचा.

शेवंतीने जरा आढेवेढे घेतले, कारण लगेच हो म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. पण मनातून ती टपूनच बसली होती. त्याचं कारण दिव्याला ठाऊक नव्हतं.

मधला पडदा नेऊन शेजारी लावल्याशिवाय रंग जुळवणार कसा? म्हणून तो शेवंतीच्या मासळीच्या पाटीत, चार जुनी लुगडी खाली-वर घालून, एसटीने कुडाळला आला. पाटी बघताच कंडक्टर दारात आडवा झाला.

"मावशी, मासळी टपावर."

"टपार तुझ्या सायबाक बसव. ह्यात कॉम्प्युटर आसा."

त्याने लुगड्याचं टोक उचलून बघितलं. "आहे खरा. पण वास तर बांगड्याचा येतोय."

"मालवणचो कॉम्प्युटर तो. वास खंयचो येतलो, सोलापूरचो?"

सगळी गाडी हसली आणि पाटीला खिडकीजवळची जागा मिळाली. दिव्या वैभववाडीची, समुद्रापासून लांब वाढलेली. लग्नाला पाच वर्षं झाली तरी तिच्या तोंडात मालवणी बसली नव्हती. पण सासूच्या तोंडाची तिला आता सवय झाली होती. हसू आवरायला ती वाटभर खिडकीबाहेर बघत राहिली.

तर अशी ही पाटी कुडाळला पोचली, आणि आता शेवंती रोनाल्डच्या खुर्चीत, तीन पडद्यांसमोर, उजवा तळवा नाकावर उभा धरून बसली होती.

ही तिची पारखायची रीत. शेवंती दुसरीपर्यंत शिकली होती. सही करायला तिला पाव तास लागे, पण मासा ओळखायला पापणी लवायचीही गरज नसे. ही रीत तिला तिच्या सासूने शिकवली. दोन मासे दोन हातांना ठेवायचे, कल्ले उघडायचे, आणि मधे तळव्याची भिंत घालायची. डाव्या डोळ्याने डावा मासा बघायचा, उजव्याने उजवा. सासू म्हणायची, "दोन डोळे एकत्र बघूक लागले की घोव-बायलेसारखे एकमेकांक सांभाळून घेतत. तेंका येगळे बसव, मगे खरां बोलतत."

चाळीस वर्षं हे डोळे खरं बोलले. मालवणच्या बंदरावर मासळीचा लिलाव सुरू व्हायच्या आधी बोली लावणारे शेवंतीच्या तोंडाकडे बघत. ती "ताजी" म्हणाली की बोली चढे, आणि तिने नुसतं नाक मुरडलं तरी माल पडून राही. तिला यासाठी कोणी नेमलं नव्हतं. तिचा शब्द कधी खोटा पडला नव्हता, एवढंच.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात मात्र वाजलं. दत्ताराम, तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, पहाटे भली दांडगी सुरमई घेऊन आला. दुसऱ्या होडीची सुरमई शेजारी होती. शेवंतीने तळवा नाकावर धरला आणि सांगून टाकलं, "दत्तारामाची कालची. बर्फात निजवलेली." दत्ताराम देवाची शपथ घेऊन सांगत राहिला की मासा तासाभरापूर्वी गळाला लागलाय. कोणी ऐकलं नाही. ती सुरमई बंदरावर दुपारपर्यंत पडून राहिली आणि शेवटी त्याने ती घरी नेली. जाताना एवढंच म्हणाला, "वयनी, माशे बघूच्या आदी एकदा तुझे डोळे दाखवन ये खंयतरी."

तेव्हापासून तो तिच्याशी बोलत नव्हता. ते एक परवडलं असतं, पण बंदरावरची माणसं मागून कुजबुजायला लागली होती. म्हणून शेवंती कुडाळला आली होती. कॉम्प्युटरच्या पडद्याचा रंग, ज्यात शिकलेली माणसं फसतात, तो तिने बरोबर पारखला ही बातमी एसटीबरोबरच मालवणला पोचली असती. मग बघितलं असतं कोण कुजबुजतं ते.

"डावो पडदो शिळो," ती पुन्हा म्हणाली. "ह्या उजव्यात बघ, चेडवाचो गाउन कसो मोगऱ्यासारखो दिसता. आणि डाव्यात? दोन दिस पाण्यात पडलेल्या सरंग्यासारखो."

"माका दोनय सारखे दिसतत, काकी."

"तुका दिसतले. तुझी आवस कोन्सेसांव माझ्याकडसून मासे घेता तेव्हा पाटीत हात घालून दहा येळा बघता. तू तिचो झील कसो ताच माका कळणा नाय."

रोनाल्ड हसला. आईचं नाव निघालं की वाद घालता येत नाही हे त्याला चांगलं कळत होतं. "दिव्या, तुका काय दिसता?"

दिव्याने डोळे बारीक करून दोन्हीकडे आळीपाळीने बघितलं. "मला तर जुळे वाटतात."

"पाच वर्सांमागे तुका बांगडो आणि तारली पण जुळी वाटायची," शेवंती म्हणाली.

"आणि तारलीचं तिखलं सगळ्यांत जास्त कोणी खाल्लं होतं, आई?"

"भूक लागली होती म्हणान खाल्लंय. विषय बदलू नको."

रोनाल्डने बाह्या वर केल्या. मागच्या वायरी काढल्या, डावा पडदा उचलून उजवीकडे ठेवला, उजवा डावीकडे आणला आणि पुन्हा जोडला. "आता बघा. शिळो असात तर आता उजवीकडे दिसाक होयो."

तळवा नाकावर गेला. शेवंतीने बराच वेळ बघितलं.

"डावोच शिळो."

"काकी, पण ह्यो तर मघाशी उजवीकडे मोगऱ्यासारखो होतो!"

"मेल्या, बदललंसच नाय तू. फिरवन फिरवन थयच आणून ठेवलंस."

"आई, बदलले त्यांनी. मी बघितलं," दिव्या म्हणाली. आणि तिने सासूच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

रोनाल्डला वाटलं डावीकडच्या खिडकीतून ऊन येतंय. त्याने खिडकीला पुठ्ठा लावला. डावा शिळाच. त्याला वाटलं वायरीत खोट असेल. त्याने वायर बदलली. डावा शिळाच. आता तोही इरेला पेटला होता. त्याने माळ्यावरून तिसरा खोका काढला, थर्माकोलचा चुरा दुकानभर उडवत तिसरा पडदा बाहेर काढला आणि डाव्याच्या जागी मांडला.

"ह्यो त्या दोघांपेक्षा शिळो," शेवंतीने निकाल दिला.

"मी च्या सांगान येतंय," म्हणत रोनाल्ड बाहेर गेला. चहा सांगायला पोरगं पाठवता आलं असतं. पण त्याला थोडी हवा हवी होती.

दुकानात सासू-सून दोघीच उरल्या. दिव्या उगाच वायरी गुंडाळत बसली होती. एरवी ही बाई गप्प बसत नाही, आज काय झालं, असं शेवंतीच्या मनात येतंय तोच थर्माकोलचा एक कण उडून तिच्या उजव्या डोळ्यात गेला. तिने डोळा मिटून घेतला आणि पदराच्या टोकाने चोळू लागली.

आणि तिन्ही पडदे नासले.

डावा नासला, उजवा नासला. घरून आपल्याच पाटीत, आपल्याच डोक्यावरून आणलेला मधला, ज्याच्यावर ती रोज संध्याकाळी नवऱ्यामुलींचे दागिने बघत बसायची, तोही नासला. तीन लविना, तीन मळकट गाउन, जुन्या तेलासारखे पिवळे. शेवंतीने उजवा डोळा उघडला. तिन्ही मोगऱ्यासारखे. पुन्हा मिटला. तिन्ही पिवळे. आपल्याच हाताकडे बघितलं. डाव्या डोळ्याला हातातली पांढरी बांगडीही पिवळी दिसत होती.

तिने हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

दत्तारामाची सुरमई तिने डाव्या हाताला ठेवली होती. ते तिला आता असं स्वच्छ आठवलं की त्या माशाचे खवलेसुद्धा मोजता आले असते. सुरमई तासाभरापूर्वीचीच होती, आणि तो देवाची शपथ घेत उभा होता. आणि तिने सगळ्यांसमोर नाक मुरडलं होतं. त्याच्या आधी आणखी किती जणांचा माल तिच्या डाव्या हाताला पडला असेल? कोणाकोणाची पाटी तशीच घरी गेली असेल?

रोनाल्ड परत आला. मागून चहावाला तीन ग्लास ठेवून गेला. तोवर रोनाल्डने मन घट्ट केलं होतं.

"काकी, तुमका पटणा नाय तर मी दोनय परत पाठयतंय. गोव्यासून दुसरे मागयतंय. महिनो जातलो, पण काय करतंय? मात्र लविना थांबाची नाय. ती म्हणता, दिव्याकडे पडदे नसतील तर पणजीच्या माणसाक बोलवतंय."

पणजीचा माणूस म्हणजे वर्षातलं सगळ्यांत मोठं लग्न हातचं गेलं. दिव्याने खालचा ओठ दातात धरला. मग चहाचा ग्लास सासूपुढे सरकवला आणि रोनाल्डकडे वळून म्हणाली, "मागवा मग गोव्याहून. आई म्हणतात तर काहीतरी असणारच. त्यांचा डोळा कधी चुकत नाही. लविनाला मी समजावते."

शेवंतीने मान वळवून सुनेकडे बघितलं. दिव्याने नजर दिली नाही. ती पडद्यावरची धूळ पुसत होती, आणि तिथे धूळ नव्हतीच. तेव्हा शेवंतीला कळलं. हिला मघापासून ठाऊक आहे. पडदे उलटसुलट केले तेव्हापासून. आणि सासूचं नाक वर राहावं म्हणून ही वैभववाडीची पोर चांगले पडदे आणि चालून आलेलं लग्न, दोन्ही सोडायला निघाली आहे.

वर्षानुवर्षं आपण हिला टोचतोय, हिच्या आमटीतल्या मिठाला नावं ठेवतोय, हिच्या हातच्या भाकरीला नकाशा म्हणतोय. आणि ही बया आपल्यासाठी खोटं बोलतेय. खोटंही कसं, एकदम सफाईने. आपल्याकडूनच शिकली असणार.

"गप रव गो," शेवंती म्हणाली. "रोनाल्ड, बांध दोनय पडदे."

"म्हणजे?"

"म्हणजे बांध. ताजे आसत. तिसरोय ताजो आसा, तो परत माळ्यार ठेव."

"मगे इतको येळ शिळो कोण होतो, काकी?"

शेवंतीने चहाचा एक घोट घेतला. गरम होता, तरी घेतला. "माझो डावो डोळो," ती म्हणाली.

एवढी ताठ बाई असं सांगते तेव्हा हसायचं की गप्प राहायचं हे रोनाल्डला त्याच्या आईने शिकवलं नव्हतं. शेवंतीलाच त्याची दया आली.

"बघतंस काय असो? तुझ्याकडे बदलून मिळता काय?"

"नाय काकी," तो हळूच म्हणाला, "तेची वॉरंटी संपली."

"बासष्ट वर्सां चाललो. तुझे पडदे सहा चालले तरी मी तुझ्या आवशीक फुकटची कोलंबी देयन."

तेव्हा कुठे तिघंही हसली.

परतीच्या एसटीत पाटी मांडीवर होती आणि दोन खोके पायांत. दिव्या म्हणाली, "मोतीबिंदू असणार, आई. पुढच्या महिन्यात कुडाळला डोळ्यांचं शिबिर आहे. सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी. तोपर्यंत तुम्ही बंदरावर गुडघे दुखतात म्हणून जाऊ नका. कोणाला कळायचंसुद्धा नाही."

"आणि दत्ताराम?"

दिव्याला ती हकीकत माहीत नव्हती. शेवंतीने ती सांगितली. कुठेही काटछाट न करता, स्वतःला शिव्या घालत सांगितली. कट्टा गाव आलं तेव्हा दिव्याने पायांतले खोके आत ओढून घेतले.

"मग जा बंदरावर," ती शेवटी म्हणाली.

"तू सांगतंस म्हणान जातंय असां नाय," शेवंती म्हणाली. "मी आदीच ठरवलंय."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता होड्या लागल्या. लिलावाची माणसं जमली, पाट्या उतरल्या. शेवंती नेहमीच्या जागी, ओल्या वाळूत आपल्या पाटावर बसली. दत्ताराम आपली पाटी घेऊन दुसऱ्या टोकाला उभा राहिला, नेहमीसारखा तिच्याकडे पाठ करून. तिने बसल्या जागेवरून हाक मारली. तिची हाक चार होड्यांपलीकडे जायची.

"दत्ताराम! त्या दिसाची तुझी सुरमय ताजी होती."

बोली लावणारे थांबले. जाळी झटकणारे हात थांबले.

"मी शिळी म्हटलंय, ती माझी चूक. तुझ्या माशाचे कल्ले लाल होते. माझो डावो डोळो पिवळो झालो हा. मोतीबिंदू. आयकलात सगळ्यांनी? नीट आयका, कारण परत कोणी इचारलात तर मी सांगूचंय नाय."

तुळसा, शेवंतीच्या शेजारी बसणारी आणि तीस वर्षं तिच्याशी भांडणारी कोळीण, हिला राहवेना. "अगो बाय माझे! मगे आता आमची मासळी कोण पारखतला?"

"एक डोळो आसा अजून," शेवंती म्हणाली. "तुझ्या दोनांपेक्षा बरो बघता. काल तू मोरी मासो म्हणान काय इकलंस ता सांगू काय?"

हशा पिकला. तुळसाने पदर तोंडाला लावला. दत्ताराम मात्र हसला नाही. तो उभा होता तिथून समुद्राकडे बघत होता. मग त्याने खाली वाकून पाटीतली सुरमई काढली, दोन्ही हातांवर घेतली आणि चालत आला. शेवंतीच्या डाव्या अंगाला पोचला, क्षणभर थांबला, आणि तिच्या पाठीमागून फेरा घालून उजव्या अंगाला आला. वाकून मासा तिच्या उजव्या हाताशी ठेवला.

"बघ, वयनी," तो म्हणाला.

शेवंतीने कल्ला उघडला. बघितलं.

"ताजी," ती म्हणाली.

बोली सुरू झाली. मागचा धोंडू पापलेटांची पाटी घेऊन सरळ तिच्या डाव्या हाताकडे येत होता. वाटेत त्याची पावलं वळली. त्याच्या मागचा वळला, त्याच्याही मागचा. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. मान ताठ ठेवून शेवंती एकेक पाटी बघत राहिली, नावं ठेवायची त्यांना ठेवत राहिली.

लिलाव उठला तेव्हा ऊन वर आलं होतं. शेवंतीच्या उजव्या अंगाची वाळू पावलांनी पार तुडवली गेली होती. डाव्या अंगाची तशीच होती, भरती जशी सोडून गेली तशी, गुळगुळीत.